थंड पडलेली पेटी

पेटीवर हात ठेवल्याशिवाय कुठल्याही सेटला हात लावायचा नाही, हा हानुसच्या वर्कशॉपमधला पहिला नियम होता. दुसरा नियम नव्हताच. पेटी म्हणजे कोपऱ्यातल्या फळीवरचा एक करडा डबा. त्याच्या पोटात स्फटिकाची एक चकती होती आणि ती रात्रंदिवस एकाच उबेत ठेवावी लागे. उबेत असली की तिचा ठोका चुकत नसे. बोटींवरचे रेडिओ सेट मात्र माणसांसारखे. वय झालं, खारा वारा लागला, की नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवरून हळूहळू सरकतात. मग ते इथे आणायचे, पेटीशी ताडून किती सरकलेत ते मोजायचं आणि पुन्हा जागच्या जागी आणायचे. पण पेटीच थंड पडली तर तीही खोटं बोलते, आणि अंक मात्र तितक्याच ठामपणे दाखवते. म्हणून आधी तळहात टेकवायचा, लेकराचा ताप बघावा तसा.

हानुसने हयातभर हा नियम पाळला. त्याचे कान अधू झाले तशी वर्कशॉप त्याच्या लेकीकडे आली, आणि सोलरूनही तो पाळत असे. काल दुपारी तेवढा तिने पाळला नव्हता, आणि हे तिला आज सकाळी कळत होतं.

झालं होतं असं. शाळेच्या शिडाच्या बोटीवरचा सेट तिने काल दुरुस्त करून टेबलावर ठेवला होता. इथे मुक्काम केलेला सेट सकाळी पुन्हा एकदा मोजून मगच द्यायचा, अशी तिची सवय. तिने मोजला, तर तो शंभरावर आवर्तनं सरकलेला. काल तर तिने तो बरोबर शून्यावर आणून सोडला होता. आधी तिने सेटला शिव्या घातल्या. मग केबल बदलली. मग तिचा हात आपोआप पेटीवर गेला. पेटी छान गरम होती. म्हणजे पेटी आज खरं बोलत होती. मग काल खोटं कोण बोललं?

पेटीला दोन वायरी होत्या. एक अंकांची, एक उबेची. उबेची वायर फळीखाली जिथे खोचलेली असायची तिथे सोलरून वाकून बघायला गेली, आणि तिला प्लगच्या भोकाच्या कडेला पिठाचा एक वाळलेला थेंब दिसला.

पीठ शाळेच्या सेटच्या वेळचं नव्हतं, त्याच्या आधीचं होतं. ते ब्रान्दुरसाठी भिजवलेलं होतं.

ब्रान्दुर म्हणजे तिचा पूर्वीचा नवरा. काडीमोड होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण गाव एवढंसं, बंदर एक आणि रेडिओ दुरुस्त करणारी बाई एकच. त्यामुळे काल तो आपला सेट काखेत मारून आला होता. अंगात त्याच्या आताच्या बायकोने, बिर्नाने, विणलेला नवा स्वेटर. सोलरूनने एकदाच त्या स्वेटरकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि कामाला लागली. हा माणूस लवकरात लवकर दाराबाहेर कसा जाईल एवढंच तिच्या डोक्यात होतं. हानुसला मात्र कोण आनंद झाला होता. लेकीने नवरा सोडला तरी त्याने जावई सोडला नव्हता. तो वरच्या स्वयंपाकघरातून वॉफलचा साचा, पिठाचं भांडं आणि रूबार्बच्या मुरंब्याची बरणी घेऊन खाली आला आणि सेट होईस्तोवर दोघे तिच्या पाठीमागे खात बसले. मेंढरांच्या गप्पा चालल्या होत्या. यंदा कुणाचं वाऱ्यावर टांगलेलं मटण चांगलं वाळणार, कुणाचं कुजणार, असलं काहीतरी.

हानुस वर चहा पीत होता. ती जिना चढून गेली आणि त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, काल साच्याची वायर कुठे लावलीत?"

"कुठे म्हणजे? भिंतीत."

"फळीखाली?"

"बाकीची सगळी भोकं तुझ्या यंत्रांनी भरलीयेत. मी काय समुद्रात लावू?" मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "परत लावली होती हो मी पेटीची. अगदी आठवणीने लावली. मी काय खुळा आहे?"

बोलण्यासारखं खूप होतं, पण पेटीवर हात ठेवायचं काम तिचं होतं, बाबांचं नव्हे.

ब्रान्दुरची बोट, 'तेर्ना', पहाटेच निघून गेली होती. पश्चिमेच्या उथळ समुद्रात, जिथे जायला अर्धा दिवस लागतो, तिथे तो एकटाच गळ टाकून बसायचा. मागच्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन तो दवाखान्यात पडला होता. डॉक्टरांनी एकट्याने जायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण सोबत माणूस घेतला की तो बोलतो, आणि ब्रान्दुरला बोलणं सोसत नाही. गळाची यंत्रं सुरू झाली की तो रेडिओचा आवाजही बारीक करून टाकतो, हे सगळ्या बंदराला ठाऊक. घरातही त्याचं तेच होतं. सोलरून जेवणाच्या टेबलावर काही सांगायला लागली की त्याच्या चेहऱ्यावर तिला ते बटण फिरताना दिसायचं. शेवटी ती बोलायची थांबली, आणि मग एके दिवशी निघून आली.

तर त्याच्यापाशी काय होतं? बोट बुडाली तर आपोआप बोंब मारणारा बीकन होता, पण तो छपरावर. बोट तरंगत राहिली आणि माणूस आत कोसळला, तर हाताशी एकच गोष्ट: सेटवरचं लाल बटण. ते दाबलं की सेट बोटीचा क्रमांक आणि ठिकाण चिवचिवाटात पाठवतो, किनाऱ्यावरच्या केंद्रातलं यंत्र तो पकडतं आणि घंटा वाजते. माणसाचा कान दयाळू असतो. आवाज थोडा सरकला तर समजून घेतो. यंत्राला दयामाया नाही. शंभर आवर्तनं सरकलेला चिवचिवाट त्याच्या लेखी नुसती खरखर.

आणि सोलरूनने काल सेट परत देण्याआधी बटणाची चाचणीसुद्धा घेतली होती. वर्कशॉपमधल्या रिसीव्हरने चिवचिवाट झटक्यात वाचला होता. का नाही वाचणार? तो रिसीव्हरही त्याच थंड पेटीवर चालत होता. चोराला चोराची साक्ष.

बाकीचे नाखवे बंदर सोडण्याआधी किनारा केंद्राला एक चाचणी पाठवतात. ब्रान्दुर पाठवत नाही. दरवेळी सोलरून त्याला आठवण करून द्यायची. काल करून दिली नाही.

तिने सेटवरून हाका मारल्या. तेर्ना, तेर्ना, तेर्ना. उत्तर नाही. मग किनारा केंद्राला फोन लावला. पाळीवर आन्फिन होता, तिच्याबरोबर शाळेत शिकलेला, सावकाश बोलणारा. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"मी पण हाका मारतो," तो म्हणाला. "पण तो ऐकेल असं तुला वाटतं?"

"नाही."

"मग?"

"हेलिकॉप्टर पाठव."

"कशासाठी? माणूस मासे धरतोय. संशयावर ते उडत नाही, तुला माहिती आहे. तिकडे त्यातल्या त्यात जवळ मासेमारीचा एक लाँगलायनर आहे, त्याला वळून बघून ये म्हणतो. संध्याकाळ होईल त्याला." मग तो म्हणाला, "सोलरून, मला नोंद करावी लागेल. सगळ्या बोटींना कळवावं लागेल, की काल ज्यांचे सेट झाले त्यांनी भरवसा ठेवू नये. काय म्हणून कळवू?"

दाराच्या काचेवरची पाटी आतून उलटी दिसत होती. हानुस रेडिओ. बाबांनी स्वतः रंगवलेली.

"हानुस रेडिओने सेट बिघडवला म्हणून कळव," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणणार?"

म्हातारा जिन्यावर उभा होता. त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण तो खाली उतरला आणि नेहमीच्या खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभा राहिला.

सोलरून येरझाऱ्या घालू लागली. दारापासून फळीपर्यंत, फळीपासून दारापर्यंत. बाहेर वारा दक्षिणेकडे वळला होता आणि खाडीतलं पाणी काळं दिसायला लागलं होतं. तेवढ्यात आन्फिनचा आवाज सेटवर आला. तो सगळ्या बोटींना कळवत होता, सावकाश, वर्कशॉपचं नाव दोनदा घेऊन. कुणीतरी हसलं, कुणीतरी ब्रान्दुरला हाक मारून बघितली, आणि सगळं शांत झालं.

ब्रान्दुरचा सेट इथून सुधारता येत नव्हता. केंद्राचं यंत्र सरकवता आलं असतं, पण त्याला राजधानीतल्या साहेबांची परवानगी लागते आणि साहेब दुपारपर्यंत बैठकीत होते. म्हणजे तिच्या हातात एकच उरलं होतं: तिचा स्वतःचा रिसीव्हर. त्याचा सेट चुकीचा आहे ना? मग आपला रिसीव्हरही तेवढाच चुकवायचा, आणि ऐकत बसायचं.

पण तेवढाच म्हणजे किती? घोडं तिथेच अडलं होतं. पेटी एकदम थंड होत नाही, कणाकणाने होते, आणि तिची चूक तशीच वाढत जाते. शाळेच्या सेटची चूक ठाऊक होती, पण तो नंतर झालेला. ब्रान्दुरचा झाला तेव्हा पेटी किती निवली होती? घड्याळ कुणी बघितलं होतं?

"बाबा," ती अचानक थांबून म्हणाली. "मी त्याला 'झालं, ने' म्हटलं, तेव्हा तो काय करत होता?"

"खात होता."

"कितवं?"

हानुसने डोळे मिटले. विसराळू झाला होता, पण पाहुण्याच्या ताटाचं त्याला नेहमी आठवायचं. "चौथं चालू होतं. तू 'झालं' म्हणालीस आणि तो उठायला लागला. मी म्हटलं, बस, अजून पीठ आहे. मग सहा खाल्ली. चार कागदात बांधून दिली."

"मग पीठ भिजवा."

"आता?"

"आता. कालच्यासारखंच. तेवढंच पातळ, तोच साचा, तीच वायर."

म्हाताऱ्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मग तो जिना चढला, गेल्या कित्येक महिन्यांत चढला नव्हता इतक्या भरभर.

शाळेचा सेट तिने सकाळीच गरम पेटीशी जुळवून ठेवला होता. तो आता खरा होता. तिने तो सुरू ठेवला, त्याच्यासमोर पेटी मांडली आणि हानुसला खूण केली. हानुसने पेटीची उबेची वायर काढली आणि तिथे साच्याची वायर खोचली. मग साचा तापायची वाट. पहिलं वॉफल चिकटलं.

"काल पहिलं चिकटलं होतं?" सोलरूनने विचारलं.

"चिकटलं होतं. ते मी खाल्लं."

"मोजलं का चारात?"

"माझं कशाला मोजू? पाहुण्याची मोजली."

"मग आताही खा."

"भूक नाहीये मला."

"बाबा, खा. तुम्हाला खायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला पाहिजे."

त्याने ते चिकटलेलं वॉफल तोंडात कोंबलं आणि पाणावल्या डोळ्यांनी चावत राहिला. अंक सरकायला लागले होते. खरा सेट जागेवरच होता, पण पेटी म्हणत होती की तो सरकतोय. आधी दोन-तीन, मग दहा, मग वीस. सोलरूनचा जीव टांगणीला लागला होता आणि म्हातारा पळीने पीठ ओतत होता. त्याला घाई कर म्हणायची सोय नव्हती. घाई केली असती तर सगळंच चुकलं असतं. जगात कुणी कुणाला इतकं सावकाश स्वयंपाक करताना पाहून इतकं कासावीस झालं नसेल.

"काल मध्ये तुम्ही थांबला होतात का? मुरंब्याचं झाकण वगैरे?"

"झाकण त्याने उघडलं. मेंढ्यांचं बोलत होतो तेव्हा जरा थांबलो असेन."

"मग बोला मेंढ्यांचं."

"कुणाशी?"

"माझ्याशी."

आणि हानुस खरंच बोलायला लागला. उत्तरेच्या कड्यावरच्या मेंढ्या कशा लठ्ठ झाल्यात आणि शेजाऱ्याच्या कशा नाहीत. बोलता बोलता त्याचा आवाज मध्येच थांबला. "तो सहा खाईल असं वाटलं नव्हतं मला," तो म्हणाला. "मला वाटलं दोन-तीन खाईल, आणि तू पण येऊन बसशील." सोलरूनने त्याच्या हातावर हात ठेवला, पण नजर अंकांवरून काढली नाही.

चौथं वॉफल ताटलीत पडलं. तिने कालच्या अंदाजाने त्याचे चार घास खायला लागेल तेवढा वेळ जाऊ दिला आणि आकडा टिपला. शंभरापेक्षा बराच खाली होता, तरी केंद्राच्या यंत्राला चुकवायला पुरेसा. तिने शाळेच्या सेटची चूक ब्रान्दुरला लावली असती तर रिसीव्हर त्याला ओलांडून भलतीकडेच ऐकत बसला असता.

उबेची वायर परत जागेवर. पेटी तापेपर्यंत पुन्हा वाट. मग गरम पेटीवर रिसीव्हर आधी अगदी बरोबर लावून घेतला आणि मग तेवढ्याच आवर्तनांनी मुद्दाम बाजूला सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा ती एक धडधाकट यंत्र जाणूनबुजून बिघडवत होती. टेकडीवरच्या खांबाची तार त्याला जोडली आणि ती समोर बसली.

बसवेना. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. लाँगलायनर अजून दूर होता. तिने तेर्नाला पुन्हा हाका मारल्या. नळ गळत होता तो घट्ट केला. तो गळतच राहिला. ब्रान्दुर आता निवांत गळ ओढत असेल, कागदातलं वॉफल खात असेल, आणि संध्याकाळी सगळं बंदर तिला हसेल. हसू दे. देवा, त्याने मला हसावं, असं तिने अगदी मनापासून मागितलं.

रिसीव्हर चिवचिवला.

एकदा, मग पुन्हा. पडद्यावर ओळ उमटली. तेर्नाचा क्रमांक, ठिकाण आणि लाल अक्षरं. तिने फोन उचलला.

"आन्फिन, तुझ्याकडे काय वाजलं?"

"काही नाही. भिंत गप्प आहे."

"माझ्याकडे वाजलंय. लिहून घे." तिने ठिकाण वाचून दाखवलं.

तिकडे पेन्सिल चालल्याचा आवाज आला. तो तिला 'नक्की का' म्हणून विचारू शकला असता. आज सकाळी ज्या वर्कशॉपच्या नावाने त्याने बोटींना सावध केलं होतं, त्याच वर्कशॉपच्या शब्दावर आता त्याला हेलिकॉप्टर उडवायचं होतं.

"उडवतो," आन्फिन म्हणाला आणि फोन ठेवला.

हानुस साच्याची वायर हातात धरून उभा होता. सोलरून रिसीव्हरकडे बघत होती. चिवचिवाट पुन्हा आला, तोच, आणि मग तिला कळलं. बटण दाबल्यावर केंद्राचं यंत्र उलट उत्तर पाठवतं, आणि नाखव्याला समजतं की कुणीतरी ऐकलं. केंद्राने काही ऐकलंच नव्हतं. आता आन्फिनने मुद्दाम उत्तर पाठवलं तरी ते ब्रान्दुरच्या बिघडलेल्या सेटला वाचता येणार नव्हतं. तो तिथे पडला असेल आणि त्याला वाटत असेल की आपलं कुणीही ऐकलेलं नाही.

तिने तार शाळेच्या सेटला जोडली. सकाळीच बरोबर केलेला तो सेट तिने पुन्हा चुकवला, मोजून तेवढाच, आणि संकटाच्या चॅनेलवर बोलायला घेतलं; बटण दाबणाऱ्याने उत्तरासाठी आवाज मोठा केलाच असणार.

"तेर्ना, तेर्ना. ब्रान्दुर, मी सोलरून. मी ऐकलंय. हेलिकॉप्टर निघालंय." खरखर. "तुझ्या बटणाला उत्तर मिळणार नाही. तो दोष माझा आहे. काल मी पेटीवर हात ठेवला नव्हता. तू समोर उभा होतास आणि मला तू जायला हवा होतास, म्हणून नाही ठेवला."

सगळ्या बोटी ऐकत होत्या. नंतर नाखवे सांगायचे, की त्या दिवशी तिचा आवाज भलताच बारीक आणि चिरका येत होता, कुण्या परक्याच बाईचा वाटावा तसा. एका बोटीवर तेवढा तो जसाच्या तसा पोचला.

बऱ्याच वेळाने खटका दाबल्याचा आवाज आला. मग श्वास.

"बटण दाबलं," ब्रान्दुर म्हणाला. "कुणी बोललंच नाही."

"मी बोलतेय."

"हं." पुन्हा श्वास, आणि मागे गळाचं यंत्र अजून फिरत असल्याची घरघर. ती तो आता थांबेल म्हणून वाट बघत राहिली, नेहमी थांबायचा तसा.

"बोलत राहा," तो म्हणाला.

इतक्या वर्षांचं साचलेलं होतं आणि त्यातलं एकही आत्ता कामाचं नव्हतं. मग तिने ताटलीकडे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली. तुझ्यापायी बाबांनी आज पुन्हा वॉफल केली. पहिलं आजही चिकटलं. उत्तरेच्या कड्यावरच्या मेंढ्या लठ्ठ झाल्यात, शेजाऱ्याच्या नाहीत. वर्कशॉपचा नळ गळतोय, मी घट्ट केला, तरी गळतोय. बिर्नाला आन्फिन कळवतोय, काळजी करू नकोस. स्वेटर चांगला विणलाय तिने. हानुस खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला, रेडिओतलं काही ऐकू येत नसताना, आणि मधून मधून तिच्या पाठीवर हात ठेवत राहिला.

बोलता बोलता तिचा घसा सुकला. मधेच ती श्वास घ्यायला थांबली की पलीकडून दोनदा खटका वाजे, आणि ती पुन्हा सुरू करी. अखेर खटक्याबरोबर गळाच्या घरघरीवरून हेलिकॉप्टरचा धडधडाट ऐकू आला आणि कुणीतरी त्याच्या हातातून माइक घेतला.